विश्लेषण : बांधकाम व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम स्वतःचीच परीक्षा कशी घेतो?

अमेरिकेत ‘कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट’, म्हणजे बांधकाम व्यवस्थापनाची पदवी देणाऱ्या विभागाला मानांकन हवे असेल, तर आधी एक जाडजूड अहवाल लिहावा लागतो. विद्यार्थी खरोखर काय शिकले, हे त्यात पुराव्यानिशी दाखवायचे असते आणि जे जमले नाही तेही स्वतःच्याच हाताने नोंदवायचे असते. महाराष्ट्रातून सिव्हिल इंजिनीअरिंग करून अनेक तरुण याच विषयात एमएस करायला तिकडे जातात. विद्यापीठाचे रँकिंग त्यांना तोंडपाठ असते. या अहवालाची चौकशी मात्र क्वचितच कोणी करतो.

‘सेल्फ स्टडी’ म्हणजे काय?

अमेरिकेत संपूर्ण विद्यापीठाला मानांकन देणाऱ्या संस्था वेगळ्या आणि एकेका अभ्यासक्रमाला देणाऱ्या वेगळ्या. बांधकाम शिक्षणात हे काम प्रामुख्याने ‘अमेरिकन कौन्सिल फॉर कन्स्ट्रक्शन एज्युकेशन’, म्हणजे ‘एसीसीई’ ही संस्था करते. ती १९७४ मध्ये स्थापन झाली. ते सरकारी खाते नाही. प्राध्यापक आणि बांधकाम उद्योगातील अनुभवी मंडळी मिळून निकष ठरवतात व तपासणीही करतात. मानांकन घेण्याची सक्ती नसते, पण विद्यार्थी आणि नोकरी देणाऱ्या कंपन्या दोघेही ते पाहतात, म्हणून विभाग त्यासाठी धडपडतात.

या प्रक्रियेची पहिली पायरी म्हणजे स्वयंमूल्यांकन, अर्थात ‘सेल्फ स्टडी’. विभागाचे उद्दिष्ट, अभ्यासक्रम, शिक्षकांची पात्रता, विद्यार्थ्यांची प्रगती, प्रयोगशाळा, पैसा, उद्योगाशी असलेले संबंध असे सगळे त्यात येते. यातले बरेचसे कोणत्याही कार्यालयातल्या फायलींतून गोळा करता येते. खरी कसोटी असते ती विद्यार्थ्यांच्या शिक्षणाविषयीच्या भागाची.

तासांचा हिशेब मागे का पडला?

पूर्वी या मानांकनात गणित-विज्ञान किती तास, व्यवस्थापन किती, बांधकामाचे विषय किती, असा हिशेब तपासला जाई. तास भरले की काम झाले. गेल्या दशकात एसीसीईने ही पद्धत बदलली आणि चार वर्षांच्या पदवीसाठी २० ‘अध्ययन निष्पत्तीं’ची यादी केली. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकांतही आता हा शब्द रुळला आहे. विद्यार्थ्याला शेवटी काय करता आले पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

या यादीतील क्रियापदे मुद्दाम निवडलेली होती. बेंजामिन ब्लूम यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या शैक्षणिक उद्दिष्टांच्या उतरंडीवर ती बेतलेली. खर्चाचे अंदाजपत्रक, कामाचे वेळापत्रक आणि सुरक्षा आराखडा विद्यार्थ्याला स्वतः ‘तयार करता’ आला पाहिजे. कंत्राटाची कागदपत्रे, यंत्रसामग्री आणि बांधकामाच्या पद्धती यांचे ‘विश्लेषण’ करता आले पाहिजे. साइटवरची आखणी, म्हणजे आपल्या भाषेत लाइनआउट करण्यासाठी सर्वेक्षणाचे तंत्र ‘वापरता’ आले पाहिजे. कायदा, जोखीम, हिशेब, इमारतीतील वीज-पाणी-वातानुकूलन या गोष्टी मात्र ‘समजल्या’ तरी चालतील.

सुरक्षा आराखडा सर्वांत वरच्या पायरीवर का, याचे उत्तर अमेरिकेच्या श्रम खात्याच्या आकडेवारीत आहे. २०२२ मध्ये तिथे कामावर असताना ५,४८६ जणांचा मृत्यू झाला. त्यातले एक हजाराहून अधिक एकट्या बांधकाम क्षेत्रातले होते. उंचावरून पडणे, वस्तू अंगावर येणे, दोन वस्तूंमध्ये चिरडणे आणि विजेचा धक्का ही तिथल्या मृत्यूंची चार प्रमुख कारणे नियामकांनी कधीच नक्की केली आहेत. कारणे पाठ असलेला पदवीधर आणि उद्या सकाळी सहाव्या मजल्यावर चढणाऱ्या टोळीसाठी कठडे, जाळ्या, पट्टे कुठे लागतील हे कागदावर मांडू शकणारा पदवीधर यांत फरक आहे. तो फरक दाखवणारा पुरावा अहवालात असावा, अशी अपेक्षा असते.

परीक्षेतले गुण पुरावा का ठरत नाहीत?

बहुतेक विभाग पहिल्यांदा इथेच अडखळतात. ‘अंदाजपत्रक’ हा विषय आहे, त्यात ९० टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले, मग निष्पत्ती साधली, असे म्हणण्याचा मोह होतो. पण विषयाच्या एकूण गुणांत हजेरी, गृहपाठ, चाचण्या, तोंडी परीक्षा असे सगळे मिसळलेले असते. ७२ गुण मिळवणाऱ्या मुलाने नकाशावरून काँक्रीटचे माप एकदाही अचूक काढलेले नसेल, हे सहज शक्य आहे.

म्हणून नेमके काम निवडावे लागते. समजा, शेवटच्या वर्षाला दुमजली इमारतीची ड्रॉइंग दिली आणि पूर्ण अंदाजपत्रक मागितले. ते तपासताना माप, दर, मजुरीचे तास, शटरिंग, वरखर्च, अनपेक्षित खर्चाची तरतूद यांना वेगवेगळे गुण द्यायचे. ‘७५ टक्के विद्यार्थ्यांना किमान ७० गुण’ असे उद्दिष्ट विभागाने आधीच जाहीर करायचे. निकाल लागला आणि माप-दरात मुले पुढे, पण शटरिंगमध्ये निम्मी नापास, असे दिसले तर? एकूण गुणांत हे कधीच कळले नसते. आता शोध सुरू होतो. शिक्षकांच्या बैठकीत कदाचित असे निघते की शटरिंग शिकवणारा विषय अंदाजपत्रकानंतरच्या सत्रात आहे. मग क्रम बदलायचा, पुढच्या तुकडीला तसेच काम द्यायचे आणि पुन्हा मोजायचे. मोजले, उणीव सापडली, बदल केला, पुन्हा मोजले ही साखळी कागदोपत्री दाखवणे हा स्वयंमूल्यांकनाचा गाभा मानला जातो. साखळी पुरी व्हायला दोन-तीन वर्षे जातात, त्यामुळे शेवटच्या सहा महिन्यांत बसून ती लिहिता येत नाही.

प्रत्येक निष्पत्तीसाठी किमान एक प्रत्यक्ष आणि एक अप्रत्यक्ष मोजमाप लागते. विद्यार्थ्याने केलेले काम हे प्रत्यक्ष. माजी विद्यार्थी, नोकरी देणाऱ्या कंपन्या, शेवटच्या वर्षाची मुले यांची मते हे अप्रत्यक्ष. दोन्ही का, तर ‘मला वेळापत्रक करता येते’ असे प्रश्नावलीत लिहिणाऱ्या मुलाचे वेळापत्रक उघडून पाहिले की पाया भरण्याआधीच भिंती उभ्या असलेल्या दिसू शकतात. काही विभाग ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ कन्स्ट्रक्टर्स’ची देशपातळीवरील ‘असोसिएट कन्स्ट्रक्टर’ परीक्षाही मुलांना द्यायला लावतात. तिचा फायदा असा की प्रश्नपत्रिका आपल्या हातात नसते.

अहवाल लिहितो कोण?

नियमाने विभागातील सर्व शिक्षकांनी. प्रत्यक्षात बऱ्याचदा हे ओझे एका समन्वयकाच्या माथी येते आणि बाकीचे आपापली माहिती ई-मेलने पाठवून मोकळे होतात. या विषयात अडचण अधिक, कारण दिवसभर साइटवर काम करून संध्याकाळी शिकवायला येणारे तज्ज्ञ अनेक विभागांत असतात. त्यांचे अनुभव अमूल्य, पण तपासलेली उत्तरे, गुणांचे तक्ते, वर्गातले बदल यांची नोंद ठेवण्याची त्यांना ना सवय ना त्याचा मोबदला. समन्वयक अहवालाला बसतो तेव्हा नेमके त्यांच्याच विषयाचे पुरावे हाती नसतात.

दुसरा दुवा उद्योग सल्लागार मंडळाचा. स्थानिक कंत्राटदार, प्रकल्प व्यवस्थापक, माजी विद्यार्थी यांचे मंडळ असणे आणि ते नियमित भेटणे आवश्यक असते. वर्षातून एकदा जेवण आणि देणगीचे आवाहन एवढ्यावर ते आटोपले की अहवालात तेही उघडे पडते. कारण बैठकीचे इतिवृत्त मागितले जाते आणि त्यातून अभ्यासक्रमात काय बदलले, हेही विचारले जाते.

तपासणी पथक काय करते?

अहवाल वाचून पथक दोन-तीन दिवस विद्यापीठात येते. त्यात प्राध्यापकांबरोबर उद्योगातली माणसेही असतात. ते वर्ग, प्रयोगशाळा आणि विद्यार्थ्यांचे काम पाहतात, विद्यार्थी, माजी विद्यार्थी व कंपन्यांशी बोलतात. अहवालात लिहिलेले आणि समोर दिसणारे जुळते का, एवढेच त्यांना पाहायचे असते. त्यानंतर बलस्थाने, उणिवा आणि चिंतेच्या बाबी अशी नोंद होते. निकष पूर्ण होत नसेल तर ती उणीव. आज पूर्ण होतो, पण उद्या ढासळू शकतो, अशी शंका असेल तर ती चिंतेची बाब. विभागाला उत्तराची संधी मिळते, अंतिम निर्णय संस्थेचे विश्वस्त मंडळ घेते. त्यानंतरही उणिवा कशा दूर केल्या, याचा पाठपुरावा सुरू राहतो.

विभागाने स्वतः नोंदवलेली उणीव आणि पथकाने शोधून काढलेली उणीव यांचे वजन सारखे नसते. पहिलीसोबत उपायही जोडलेला असतो. दुसरीमुळे उरलेल्या अहवालावरही संशय येतो. तरीही बरेच विभाग उणीव लपवतात. विद्यापीठाच्या वरिष्ठांना ती दिसली तर पैसे कमी होतील, ही भीती त्यामागे असते. ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. लपवण्याचा सभ्य मार्ग म्हणजे उद्दिष्टच इतके खाली ठेवायचे की सगळे रकाने हिरवे दिसावेत.

आपल्याकडची स्थिती काय?

भारतात अभियांत्रिकीसह तांत्रिक अभ्यासक्रमांना ‘एनबीए’ मानांकन देते, तर ‘नॅक’ संपूर्ण संस्थेचे मूल्यांकन करते. दोन्हींची सुरुवात १९९४ ची. एनबीएसाठी ‘सेल्फ असेसमेंट रिपोर्ट’ लागतो, नॅकसाठी ‘सेल्फ स्टडी रिपोर्ट’. २०१४ मध्ये भारत ‘वॉशिंग्टन करारा’चा पूर्ण सदस्य झाला आणि निष्पत्ती मोजण्याची पद्धत इथेही आली. महाराष्ट्रातील कोणत्याही अभियांत्रिकी प्राध्यापकासमोर ‘सीओ-पीओ’ असे नुसते उच्चारून पाहावे, चेहऱ्यावरून सगळे कळते. विषयाची निष्पत्ती अभ्यासक्रमाच्या निष्पत्तीशी जोडणारे हे तक्ते विचाराने चांगले आहेत. पण जिथे सत्र संपल्यावर एक्सेलमध्ये आकडे बसवले जातात, तिथे ते कागदी घोडेच ठरतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर नॅकच्या एका तपासणी पथकाच्या अध्यक्षासह काही सदस्यांना लाचप्रकरणी सीबीआयने अटक केली. मानांकनाच्या गुणाला जाहिरातीची किंमत आली की दबाव कुठवर जातो, हे त्यातून दिसले.

विद्यार्थ्यांनी काय तपासावे?

एसीसीईच्या संकेतस्थळावर मानांकित अभ्यासक्रमांची यादी मिळते. ती पाहताना पदवीचा स्तर नीट वाचावा. मानांकन अभ्यासक्रमाला असते, त्यामुळे एखाद्या विद्यापीठाची चार वर्षांची पदवी मानांकित असली तरी तिथला एमएस मानांकित असेलच असे नाही. इथून जाणाऱ्यांना तर एमएसच करायचे असते. पदव्युत्तर स्तराच्या निष्पत्तींची यादीही निराळी आहे. मानांकन नाही म्हणून अभ्यासक्रम वाईट, असा त्याचा अर्थ लगेच काढू नये. पण मग दर्जा कसा तपासला जातो, हे विभागाला विचारायला हरकत नाही.

मानांकित विभागांना विद्यार्थ्यांच्या कामगिरीची माहिती जाहीर करावी लागते. किती जण पदवी पूर्ण करतात, किती जणांना नोकरी लागते, निष्पत्तींचे निकाल काय, हे विभागाच्या पानावर शोधावे. सापडले नाही तर ई-मेल करून मागावे. निकालांत एखादा आकडा उद्दिष्टाच्या खाली असेल आणि त्यापुढे काय बदल केला हे लिहिलेले असेल, तर तो विभाग आपले काम गांभीर्याने करतो आहे, असे समजायला जागा आहे. सगळेच आकडे उद्दिष्टाच्या वर असतील, तर मुळात उद्दिष्ट किती ठेवले होते, तेही पाहून घ्यावे.