वायुकणांचे रासायनिक पृथक्करण

हवेतील सूक्ष्म कणांचे घटक जाणण्याची जुनी रीत म्हणजे ते गाळणकागदावर धरून प्रयोगशाळेत त्यांचे पृथक्करण करणे ही होय. परंतु अमोनियम नायट्रेटसारखा क्षार तेवढ्या अवधीत अंशतः उडून जातो व मापन उणे पडते. वायुकण-वस्तुमानमापकात ही अडचण टळते. त्यात कणांचा झोत निर्वातात सुमारे ६००° सेल्सिअस तापलेल्या पृष्ठावर आदळतो. निघालेल्या बाष्पाचे इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने आयनीभवन होते आणि आयनांच्या वस्तुमानावरून सल्फेट, नायट्रेट व सेंद्रिय द्रव्ये काही मिनिटांत ओळखता येतात. तथापि काजळी व खनिज धूळ या तापमानास बाष्परूप होत नाहीत. त्यामुळे धुळीच्या प्रदेशात केवळ याच आकड्यांवर विसंबल्यास हवा आहे त्याहून स्वच्छ भासेल. तेथे गाळणकागदाची जोड उपयुक्तच ठरते.