जकातीचा आकडा आणि गोदीचा कामगार



पेटी उचलणाऱ्याला तिचे वजन कळते. आत काय आहे ते कागदावर असते, आणि कागदावर असतो आकडा. हा आकडा कसा ठरतो व त्यावर किती विसंबावे, हे किरणोत्सर्गी मालाच्या उदाहरणाने पाहू. आमची शाळा चौथीत सुटली. जकातीचे पुस्तक आम्ही गोदीतल्या कारकुनांना विचारून विचारून वाचायला शिकलो. तेव्हा सांगणार आहोत ते सोपे करूनच.

ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची मालाची वर्गवारी १ जानेवारी १९८८ पासून अमलात आहे. तिचे पहिले सहा आकडे सर्वत्र सारखे. आपल्याकडे आणखी दोन जोडून आठ होतात. साधा कोबाल्ट धातू ८१०५ या शीर्षकाखाली जातो. तोच अणुभट्टीत ठेवून कोबाल्ट-६० झाला की २८४४ खाली. येथे नियम कडक आहे : जो माल २८४४ मध्ये बसतो, तो दुसरीकडे कोठेही घालावयाचा नाही.

अपवाद खनिजाचा. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट हे थोरियमचे खनिज म्हणून २६१२ खाली येते. त्यातून थोरियम वेगळे काढले की ते २८४४.३० होते. अणुभट्टीची न वापरलेली इंधनकांडी ८४०१.३० मध्ये, म्हणजे यंत्रांच्या प्रकरणात. वापरून झालेली २८४४.५० मध्ये, म्हणजे रसायनांच्या. जड पाणी किरणोत्सर्गी नाही, म्हणून ते शेजारच्या २८४५ मध्ये. २०२२ साली २८४४.४० हा एकच कप्पा फोडून चार केले. त्यांत ट्रिटियमला आणि किरणोत्सर्गी अवशेषांना स्वतंत्र आकडे मिळाले.

आता आमचा मुद्दा. हा आकडा ‘वस्तू कोणती’ एवढेच सांगतो. तिच्याजवळ किती वेळ उभे राहावे, हे सांगत नाही. ते काम दुसऱ्या खुणेचे : धोकादायक मालाचा सातवा वर्ग, तीन पाकळ्यांचे चिन्ह, आणि पिवळ्या चिठ्ठीवरचा वाहतूक निर्देशांक. एक मीटरवर किरणांची मात्रा किती, हे त्यावरून कळते. जकात चुकली तर सरकारचा पैसा बुडतो. ही चिठ्ठी चुकली तर माणूस.

आणि मालधन्यालाच ठाऊक नसेल तर? १९८३ साली मेक्सिकोतील सिउदाद ह्वारेस येथे उपचारयंत्रातला कोबाल्ट-६० भंगारात गेला, वितळला, आणि त्याच्या सळया अमेरिकेत पोहोचल्या. जानेवारी १९८४ मध्ये सळयांचा ट्रक लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेजवळून जाताना तेथील यंत्राने इशारा दिला, तेव्हा प्रकार उघड झाला. २००८ मध्ये फ्रान्सला उद्‌वाहनाच्या बटनांत किरणोत्सर्ग सापडला; पोलाद भारतातून गेलेले होते. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगार फोडताना कोबाल्ट-६० उघडा पडला आणि एक कामगार दगावला.

भंगाराचा आकडा ७२०४. तो लिहिणारा खोटे बोलला असेलच असे नाही; त्याला माहीत होते तेवढेच त्याने लिहिले. म्हणून भंगाराच्या फाटकावर किरण मोजणारे यंत्र हवे, आणि त्याचा काटा वाचता येणारा आपलाच माणूस हवा. पुढच्या वेतनकराराच्या मागण्यांत ही मागणी पगारवाढीच्या शेजारी लिहा, एवढेच आम्ही सांगू.