दवाखान्यातून सुट्टी, पुढे कुणाच्या भरवशावर?

मिरजेतल्या मोठ्या दवाखान्यांत सकाळी डॉक्टरांचा राउंड होतो आणि कुणाला तरी "आज सुट्टी" असं सांगितलं जातं. मग बिलाचा काउंटर, योजनेची मंजुरी, मेडिकलमधली औषधं, फाईलच्या झेरॉक्स. डिस्चार्ज कार्ड हातात पडेपर्यंत दुपारचे तीन-चार वाजतात. पेशंट जत तालुक्यातल्या उमदीचा किंवा संखचा असेल तर घरी पोचेपर्यंत अंधार पडतो. कार्ड इंग्रजीत असतं, नर्सनं समजावलेलं असतं मराठीत आणि घरात बोलतात कानडी. "एक-शून्य-एक" एवढं बहुतेकांना कळतं. "एसओएस" म्हणजे गरज पडली तरच घ्यायची गोळी, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. पंधरा दिवसांनी दाखवायला या, एवढ्या एका वाक्यावर त्या माणसाचे पुढचे चौदा दिवस सोडलेले असतात.

उपचारांच्या बाबतीत हा पट्टा गरीब नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेत रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून कोकण, गोवा आणि उत्तर कर्नाटकातून माणसं इथे येत आली आहेत. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ सालचं. कराडला कृष्णा रुग्णालय आहे, आणि २०२१-२२ पासून साताऱ्यातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. अँजिओप्लास्टी, खुब्याचं ऑपरेशन, डायलिसिस या गोष्टी महात्मा फुले जनआरोग्य योजनेमुळे माण-खटावच्या शेतकऱ्यापर्यंतही आल्या. आत जाण्याची वाट रुंद झाली. बाहेर पडल्यावरच्या वाटेकडे मात्र कुणी फारसं पाहिलेलं नाही.

तिथे काय बिघडतं, ते डॉक्टरांना चांगलं माहीत असतं. हृदयाच्या झटक्यानंतर स्टेंट बसवला की रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर लागतात. पण पाकीट संपलं म्हणजे कोर्स संपला, अशी आपल्याकडची समजूत आहे. गोळ्या मध्येच थांबल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. लकव्याच्या पेशंटला प्रेमानं आडव्यानंच पाणी पाजलं जातं, ते श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. कूस दर दोन तासांनी बदलायची असते. ते कुणी सांगितलं नाही तर आठवड्याभरात पाठीला जखम होते. लघवीची नळी कधी काढायची आणि कुणी काढायची, हे कार्डावर नसतं. गावातला डॉक्टर तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावानं लिहून देतो आणि पेशंट दोन्ही घेत राहतो. यातलं काहीही अवघड वैद्यकशास्त्र नाही, आणि तरीही पेशंट परत ॲडमिट होतात ते यांपायीच.

ज्याला दवाखान्याबाहेर सोडलं त्याच्या मागे घरापर्यंत जायचं, हे आपल्या व्यवस्थेला जमतच नाही असं नाही. तिनं ते निदान दोनदा करून दाखवलं आहे, आणि दोन्हींचे धागे महाराष्ट्रात सापडतात.

पहिला क्षयरोगाचा. सांगली आणि मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम होतं. पाचगणीचं बेल-एअरही त्याच कामासाठी ओळखलं जाई. मोकळी हवा, सकस अन्न आणि महिनोन्महिने मुक्काम, असा तो उपचार. घरी ठेवलं तर रोगी बरा होणार नाही आणि घरच्यांनाही लागण होईल, असं जगभर मानलं जात होतं. १९५६ पासून मद्रासमध्ये झालेल्या अभ्यासानं ते खोटं ठरवलं. दाटीच्या वस्तीत राहणाऱ्या गरीब रोग्यांपैकी काहींना वर्षभर सॅनेटोरियममध्ये ठेवलं, काहींना घरीच औषधं दिली. १९५९ साली निष्कर्ष छापून आले: दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले, आणि घरच्यांना लागण होण्याचं प्रमाणही वाढलं नाही. पुढे जगातली सॅनेटोरियमं एकेक करून बंद पडली, त्यात या पुराव्याचा मोठा वाटा होता. या अभ्यासाची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. त्या रोग्यांच्या घरी माणूस जाऊन येत होता, उरलेल्या गोळ्या मोजत होता, लघवी तपासून औषध पोटात गेलं की नाही ते बघत होता. उपचार घरी गेले, पण त्यांच्याबरोबर दवाखानाही थोडासा घरी गेला. आजही क्षयरोग्याचं नाव 'निक्षय' या नोंदीत असतं आणि औषध सुटलं तर कुणीतरी दार ठोठावतं.

दुसरा धागा गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या लेखानुसार त्या गावांत नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी उतरला होता. २०११ पासून हीच रीत देशभर आशाताईंकडे आली. दवाखान्यात बाळंतपण झालं की ताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. वजन, ताप, श्वास, अंगावर पिणं बघते. भेटीची तारीख ठरलेली, काय बघायचं ते ठरलेलं, आणि त्याचे पैसेही ठरलेले. त्याच वर्षी सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला घरी सोडायला मोफत गाडीही आहे.

आता त्याच घरातल्या सत्तरीच्या आजोबांचं बघा. लकवा झाला, आठ दिवस मिरजेत राहिले, परत आले. बाळाला बघायला येणारी ताई त्याच सोप्यातून आत जाते. आजोबा खाटेवर असतात. पण त्यांच्यासाठी तिच्या वहीत तिसऱ्या दिवसाचा रकाना नाही. उपकेंद्रातल्या सीएचओंना, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना, ते आजारी होते हेच माहीत नसतं, कारण मिरजेतून गावाला कुणी कळवलेलं नसतं. इथे उसाची ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर गेली की कुणाचा माल, किती वजन, किती वाजता आला, याची पावती निघते. माणूस मात्र एका डॉक्टरच्या ताब्यातून निघतो आणि कुणाच्याच ताब्यात पोचत नाही.

घरच्यांना शिकवलं की झालं, असा सोपा उपाय सुचवला जातो. तो तपासून झाला आहे. देशातल्या १४ रुग्णालयांत लकव्याच्या १२५० रुग्णांवर झालेला 'अटेंड' नावाचा अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. निम्म्या रुग्णांच्या नातेवाइकांना व्यायाम आणि शुश्रूषा शिकवून घरी पाठवलं होतं. सहा महिन्यांनी पाहिलं तर दोन्ही गटांत मृत्यू आणि परावलंबन सारखंच. शिकवण्याचा उपयोग नाही, असा याचा अर्थ मी लावत नाही. पण कसबी माणसाचं काम घरच्यांच्या गळ्यात घालून व्यवस्थेला हात झटकता येणार नाहीत, एवढं यातून नक्की दिसतं.

उलट बोस्टनमधल्या एका रुग्णालयातला, २००९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग अगदी साधा होता. घरी जाण्याआधी नर्स पेशंटला सोप्या भाषेतली पुस्तिका देई, पुढच्या तपासणीची वेळ तिथेच ठरवून देई, आणि दोन ते चार दिवसांत फार्मासिस्ट फोन करून गोळ्यांची चौकशी करी. महिनाभरात परत दवाखान्याची पायरी चढण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटलं. केरळनं २००८ च्या उपशामक शुश्रूषेच्या धोरणानंतर आणखी पुढचं पाऊल टाकलं: अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी पंचायतीमार्फत नर्स जाते.

सातारा-सांगलीत यातलं काय बसेल? सुरुवातीला नवी इमारत नको आणि नवं ॲपही नको. प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, उपकेंद्र आहे, सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक आहेत, योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र आहे. त्यांना जोडणारा निरोप नाही. लकवा, खुब्याचं हाड, हृदयाचा झटका आणि नळी घालून घरी जाणारे, एवढ्या चार प्रकारच्या पेशंटबाबत सुट्टीच्या दिवशीच त्या गावच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला फोन जावा. कार्डाचा एक कागद मराठीत असावा, जतच्या पूर्व भागासाठी कानडीत. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी कुणीतरी घरी जावं. ते काम आशाताईंवर फुकट टाकू नये. मानधनासाठी त्यांना अलीकडेच संप करावे लागले आहेत. बाळासाठी भेटीचे पैसे ठरवता येतात, तर आजोबांसाठीही ठरवता येतील. योजनेच्या पॅकेजमध्ये सुट्टीनंतरच्या दहा दिवसांची तपासणी आणि औषधं धरलेली असतात, हे तर आरोग्यमित्रानं वॉर्डात येऊन सांगितलं तरी पुरे. कोयना, जावळी आणि कांदाटी खोऱ्यातल्या पेशंटला टाके काढण्यासाठी पुन्हा साताऱ्याला बोलावू नये. हे काम जवळच्या आरोग्य केंद्रात होतं.

शासन हे करील तेव्हा करील. तोवर वाचकांनी एक करावं. आपल्याकडे, विशेषतः साताऱ्याच्या डोंगरी भागात, घरातला कर्ता पुरुष मुंबईला असतो. तो सुट्टीच्या दिवशी येतो, डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतो आणि दुसऱ्या दिवशी रात्रीच्या गाडीनं परत जातो. शुश्रूषा करते सून किंवा बायको, आणि ती त्या वेळी घरी स्वयंपाक करत असते. डिस्चार्ज घ्यायला तिला घेऊन जा. कुठली जुनी गोळी बंद, कुठली नवी, कुठल्या तारखेपर्यंत. नळी किंवा टाके कोण काढणार. काय झालं तर थांबायचं नाही. आणि रात्री कुठला नंबर उचलला जाईल, एवढं तिनं स्वतः विचारावं आणि डॉक्टरांना परत सांगून दाखवावं. कागद अपुरे वाटले तर मागावेत. मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाला त्याच्या उपचारांची कागदपत्रं देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि हा नियम २००२ सालापासून आहे.