कच्चा खर्डा आणि पक्की प्रत

चेन्नईहून जुन्या महाबलीपुरम मार्गाने दक्षिणेकडे निघाले, की नावलूरच्या पुढे सिरुसेरी लागते. ‘सिपकॉट’ या तामिळनाडू शासनाच्या महामंडळाने येथे माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारले आहे. काही वर्षांपूर्वी बँकेच्या एका नव्या संगणकीय सेवेची चाचणी घेण्यासाठी माझी तेथे नेमणूक झाली. माझे शिक्षण एम.कॉम.; संगणकाचे ज्ञान वापरण्यापुरतेच. ग्राहक जे जे करील ते ते करून पाहावयाचे आणि सर्व ठीक असल्यास स्वीकृतिपत्रावर सही करावयाची, एवढेच माझे काम.

तीन आठवड्यांनी मी सही केली. दोन दिवसांनी अंतिम आवृत्ती बसविण्यात आली. सहज म्हणून एका चालू खात्याचा संपूर्ण वर्षाचा उतारा मागविला, तर ‘विनंतीची मुदत संपली’ एवढेच उत्तर पडद्यावर उमटले. हाच उतारा आदल्या आठवड्यात सुखरूप हाती आला होता आणि आज्ञावलीतील एक अक्षरही बदललेले नव्हते. मग बदलले तरी काय?

तेथील एका तरुण अभियंत्याने उलगडा केला. एकाच आज्ञावलीची दोन रूपे तयार करता येतात. ‘डीबग बिल्ड’ हे दोष शोधण्यासाठी, तर ‘रिलीज बिल्ड’ हे प्रत्यक्ष वापरासाठी. पहिल्यात प्रत्येक पायरीच्या खाणाखुणा जपलेल्या असतात, जादा तपासण्या चालतात आणि वेगाची फारशी पर्वा नसते. दुसऱ्यात त्या तपासण्या गळतात आणि काम जलद होईल अशी रचना केली जाते. आम्हा हिशेबनीसांच्या भाषेत, पहिला पेन्सिलीच्या टिपणांनी भरलेला कच्चा खर्डा, तर दुसरी ताळेबंदाची पक्की प्रत.

आमची सेवा ‘एएसपी डॉट नेट’वर बांधलेली होती. तेथे एका विनंतीला मूळ मुदत ११० सेकंदांची असते. परंतु डीबग अवस्थेत ती लागूच होत नाही. अभियंत्याला एकेक पायरी थांबून न्याहाळता यावी, हा त्यामागील हेतू. आमचा उतारा त्याहून अधिक वेळ घेत होता आणि कच्च्या खर्ड्याने तो दोष झाकून ठेवला होता. मी सही केली होती ती खर्ड्यावर! ती रीतसर मागे घेतली. मुदत नुसती वाढविण्याऐवजी उतारा महिन्यामहिन्याच्या भागांत तयार करण्याची सुधारणा झाली आणि नंतरच नवी सही झाली.

याउलट खर्डाच चव्हाट्यावर राहिला तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतील आहे. कलावंतांना रसिकांकडून नियमित अर्थसाहाय्य मिळवून देणाऱ्या ‘पेट्रिऑन’ या संकेतस्थळाची डीबग आवृत्ती सर्वांना दिसेल अशी राहिली. २८ सप्टेंबर २०१५ रोजी तेथूनच घुसखोरी झाली आणि सुमारे २३ लाख ई-मेल पत्ते उघड झाले. काही डीबग सोयींत चुकीची माहिती दाखविणाऱ्या पानावरूनच थेट आज्ञा देता येतात. अभियंत्याची ही सोय चोराच्या हातची किल्ली ठरते. म्हणूनच ‘एएसपी डॉट नेट’मध्ये संपूर्ण सर्व्हरवरील डीबग अवस्था एकाच ‘रिटेल’ नोंदीने बंद करण्याची तरतूद आहे.

ग्राहक बंधु-भगिनींनी यातून काय घ्यावे? व्यवहार अडल्यास ‘क्षमस्व’ म्हणणारे, केवळ संदर्भ क्रमांक देणारे पान पाहून रागावू नये. तपशील आतल्या नोंदवहीत असतो. तो क्रमांक टिपून शाखेस कळवावा. मात्र पडद्यावर आज्ञावलीच्या ओळी वा फाइलींची नावे दिसू लागली, तर पुढे काहीही न भरता पान बंद करावे आणि बँकेच्या अधिकृत दूरध्वनी क्रमांकावर त्वरित कळवावे. अडलेला व्यवहार पुन्हा करण्यापूर्वी खात्याचा उतारा अवश्य पाहावा. रक्कम आधीच वळती झालेली असू शकते.

सिरुसेरीहून परतल्यापासून स्वीकृतिपत्र समोर आले, की लेखणी उचलण्यापूर्वी मी एकच प्रश्न विचारतो : “ही पक्की प्रतच आहे ना?”