कोंबड्यांची पीसझड आणि हिवाळ्यातील अंडी

समशीतोष्ण कटिबंधातील शेतांवर कोंबड्या हिवाळ्यात अंडी देईनाशा होतात, याचे खापर सामान्यतः थंडीवर फोडले जाते. वस्तुतः हा मुख्यत्वे प्रकाशाचा प्रश्न आहे. न्यूयॉर्क राज्यातील इथाका हे गाव सुमारे ४२ उत्तर अक्षांशावर वसलेले आहे; तेथे जूनमधील दिवस १५ तासांहून थोडा मोठा, तर डिसेंबरमधील जेमतेम ९ तासांचा असतो. मुंबईस हा फरक दोन तासांच्या थोडासाच वर जातो, म्हणून आपल्याकडे या प्रश्नास तितकी धार नाही.

कॅनडातील एडमंटन येथे विल्यम रोवन यांनी १९२० नंतरच्या दशकात जंको नावाच्या लहान पक्ष्यांना ऐन हिवाळ्यात विजेच्या दिव्यांनी लांब दिवस दाखविले, तेव्हा त्यांच्या आक्रसलेल्या जननग्रंथी वसंत ऋतूत वाढाव्यात तशा वाढल्या. पुढील दशकात फ्रान्समध्ये झाक बेन्वा यांनी बदकांवरील प्रयोगांनी असे दाखविले की, हा परिणाम डोळ्यांवाचूनही घडतो. प्रकाश कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोचतो. तेथील अधोथॅलॅमस पोष ग्रंथीस चेतना देतो आणि तिच्या स्रावांमुळे अंडकोश कार्यरत राहतो. दिवस आखडू लागला की ही साखळी ढिली पडते, अंडकोश व अंडनलिका आक्रसतात, आणि जुनी पिसे झडू लागतात. या झडीत अवटू ग्रंथीचाही वाटा असतो.

पीस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन होय. नवा पिसारा घडविणे आणि रोज अंडे घडविणे, हे दोन्ही खर्च एकाच वेळी पेलणे कोंबडीस सहसा शक्य होत नाही. म्हणून या काळात धान्य कमी करून काटकसर साधू पाहणे चुकीचे ठरते. उलट प्रथिनांचे, विशेषतः गंधकयुक्त ॲमिनो अम्लांचे, प्रमाण वाढवावयास हवे.

निवड करताना शेतकऱ्याचा खरा घात होतो तो येथेच. पंखाच्या टोकाकडील दहा मोठी पिसे आतून बाहेर या क्रमाने गळतात आणि प्रत्येक नवे पीस पुरे वाढण्यास सुमारे सहा आठवडे लागतात. उन्हाळ्याच्या मध्यासच झडू लागणारी कोंबडी साधारणतः दोन आठवड्यांस एक पीस टाकते. म्हणजे दहावे पीस पुरे होईपर्यंत २४ आठवडे जातात व तेवढा काळ अंडी बहुधा बंदच. चांगली कोंबडी मात्र शरद ऋतूच्या अखेरपर्यंत अंडी देत राहते, मग एकदम अनेक पिसे टाकते आणि दोन-तीन महिन्यांत सावरते. परिणाम असा की, नोव्हेंबरच्या बाजाराच्या दिवशी कळपातील सर्वांत उघडीबोडकी, केविलवाणी दिसणारी कोंबडी हीच बहुधा सर्वांत कष्टाळू असते, आणि तुकतुकीत पिसाऱ्याची डौलदार कोंबडी आळशी. जो डोळ्यांस रुचेल तो पक्षी ठेवतो, तो आपले उत्तम वाण स्वहस्ते खाटकास देतो. पंख उघडून पिसे मोजण्यास अर्धे मिनिट लागते.

हिवाळ्यात अंडी हवीच असतील, तर नैसर्गिक व कृत्रिम प्रकाश मिळून दिवस १४ ते १६ तासांचा करावा. दिवा मंद चालतो. तो पहाटे लावणे बरे; सायंकाळी लावून एकदम विझविल्यास कोंबड्या अंधारात दांडीवर चढू शकत नाहीत. एकदा आरंभ केल्यावर मध्येच खंड पडता कामा नये, कारण अचानक आखडलेला दिवस कडाक्याच्या थंडीतच पीसझड ओढवून घेतो. वाढत्या तलंगांना मात्र लांबत जाणारा दिवस दाखवू नये. त्या अकाली अंड्यावर येतात व अंडी लहान राहतात. थंडीचा उपद्रव खरा होतो तो पाणी गोठल्यामुळे. तहानलेली कोंबडी प्रथम अंडी थांबविते. खुराडे गच्च बंद केल्यास आत दमटपणा व अमोनिया साचतो आणि दमट हवेतच तुऱ्यास हिमदंश अधिक होतो.

उपाशी ठेवून सर्व कळपाची पीसझड एकदम घडवून आणण्याची रीत व्यापारी धंद्यात दीर्घकाळ चालत आली. अमेरिकेतील अंडी उत्पादकांच्या मुख्य संघटनेने २००६ पासून आपल्या नियमांतून ती वगळली व तिच्या जागी कमी पोषणमूल्याचे खाद्य आले. लहान शेतावर तर तिचे प्रयोजनच नाही. दोन हिवाळे दिव्याखाली काढलेल्या जुन्या कोंबड्यांना तिसऱ्या हिवाळ्यात दिवा न लावता झडू द्यावे आणि अंड्यांची गरज त्या वर्षीच्या तलंगांवर भागवावी. वसंतात अशा कोंबड्यांच्या अंड्यांची कवचे पूर्वीपेक्षा टणक आढळतात.