जांभ्याचे सडे : कातळावरचे पाणी आणि जीवसृष्टी

कोकणात आणि सह्याद्रीच्या माथ्यावर जांभ्या दगडाची विस्तीर्ण सपाट पठारे आहेत. कोकणात त्यांना सडा म्हणतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील सडे समुद्रसपाटीपासून फार उंच नाहीत. साताऱ्याजवळचे कास पठार मात्र सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. उष्ण व दमट हवामानात बेसॉल्ट लाखो वर्षे झिजत राहिला, त्यातील सिलिका पाण्याबरोबर वाहून गेली आणि लोह व अॅल्युमिनियमची संयुगे मागे राहून घट्ट झाली. त्यातून जांभा तयार झाला. फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ मध्ये केरळातील अशाच दगडाला लॅटराइट हे नाव दिले.

सड्याचा वरचा थर कठीण असला तरी तो अखंड नसतो. त्यात भेगा, खळगे आणि पोकळ्या असतात, आणि खालचा जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यातून झिरपत खाली जाते, तळातील चिकणमातीच्या थराला अडते आणि आडवे वाहत सड्याच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. सड्याच्या पायथ्याशी वसलेल्या अनेक वाड्यांच्या विहिरी या पाण्यावर अवलंबून असतात. म्हणूनच वरचा कातळ फोडताना खालच्या गावाच्या पाण्याचा विचार आधी व्हायला हवा.

सर्वच पाणी मुरत नाही. काही उथळ खळग्यांत साठते आणि तेथे काही आठवड्यांपुरती डबकी तयार होतात. सड्यावरचे सर्वांत विलक्षण जीवन याच डबक्यांत दिसते. परी-कोळंबी हा बोटाच्या पेराएवढा पारदर्शक जीव पाणी आटण्यापूर्वी अंडी घालून मरतो. ती अंडी उन्हाळाभर तापलेल्या मातीत टिकतात आणि पाऊस आला की उबतात. आंबोलीचा वाघासारख्या पट्ट्यांचा भेक २००९ मध्ये शास्त्राला नव्याने ज्ञात झाला. पहिल्या पावसानंतर तो कातळावरच्या उथळ पाण्यात अंडी घालतो. डबके आटण्याआधी पिल्लांची वाढ पूर्ण व्हावी लागते. पावसात मोठा खंड पडला तर सगळी पिढी जाते. त्याचे ज्ञात वसतिस्थान अतिशय लहान असल्याने असा एकेक हंगाम महत्त्वाचा ठरतो.

वनस्पतींपुढची अडचण वेगळी आहे. येथे माती जेमतेम काही सेंटिमीटर, आणि तिच्यात नत्रही फार कमी. सीतेची आसवं ही नाजूक जांभळी फुले येणारी वनस्पती ही उणीव कीटकभक्षणाने भरून काढते. तिच्या मुळांसारख्या भागांवर सूक्ष्म पिशव्या असतात, आणि सूक्ष्मजीवाचा स्पर्श होताच पिशवी एका मिलिसेकंदाहून कमी वेळात त्याला आत ओढते. दवबिंदू ही वनस्पती चिकट केसांनी कीटक पकडते. त्यांच्या शेजारीच गेंदाचे पांढरे गालिचे पसरतात. साताऱ्याच्या पठारांवरचा वायतुरा आणि रत्नागिरीच्या सड्यांवरची दीपकाडी जगात इतरत्र जवळजवळ कोठेच आढळत नाहीत.

पावसाळा संपला की सडा करपल्यासारखा दिसतो, पण त्यातील कित्येक झाडे मेलेली नसतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पश्चिम घाटात ६२ अशा वनस्पती नोंदवल्या, ज्या जवळजवळ पूर्ण सुकूनही पाणी मिळताच पुन्हा हिरव्या होतात. पूर्वी भारतातून अशा फारच थोड्या वनस्पती माहीत होत्या. दुष्काळ सोसणाऱ्या पिकांच्या संशोधनासाठी हा ठेवा मोलाचा आहे.

सड्यावरच्या सुट्या दगडांखालीही एक जग आहे. पांढऱ्या पट्ट्यांची छोटी पाल, फुरसे, विंचू यांना तेथे ओलावा आणि सावली मिळते. रत्नागिरी भागात संशोधकांनी सात हजारांहून अधिक दगड उलटून सडे, पडीक भातखाचरे आणि आंबा-काजूच्या बागा यांची तुलना केली. बदल न झालेल्या सड्यांवर ही पाल अधिक आढळली. बागेसाठी कातळात सुरुंग लावतात, खड्ड्यांत बाहेरून आणलेली माती भरतात आणि सुटे दगड गडग्यात, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणात, रचले जातात. आसरा जातो, त्याबरोबर पालही जाते. जांभ्याचे चिरे काढणाऱ्या खाणी तर थेट कातळच काढून नेतात.

कासचा समावेश २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत झाला, आणि तेथे पर्यटकांच्या संख्येवर मर्यादाही आली. कोकणातील सड्यांना मात्र असे संरक्षण क्वचितच आहे. त्यांतील बरेचसे खासगी मालकीचे आहेत आणि महसुली दप्तरी पोटखराबा किंवा पडीक म्हणून नोंदलेले आहेत. ही नोंद फक्त जमीन नांगरता येते की नाही एवढेच पाहते. झरे, डबकी आणि दगडाखालचे जीव तिच्यात कोठेच येत नाहीत. एखाद्या सड्यावर बाग, खाण किंवा प्रकल्प येण्यापूर्वी पावसाळ्याच्या सुरुवातीला एक आणि शेवटी एक अशी दोनदा पाहणी झाली पाहिजे, कारण जूनमधली दीपकाडी सप्टेंबरात दिसत नाही आणि एप्रिलमध्ये केलेल्या पाहणीत तर सडा नुसता काळा कातळ म्हणूनच नोंदला जातो.