अँकिलॉझिंग स्पाँडिलायटिस : केवळ वेदनेवरून ठरत नाही आजाराची तीव्रता

गुम्मिडिपूंडी (चेन्नई) : चेन्नईच्या उत्तरेस सुमारे ४५ किलोमीटर अंतरावर असलेल्या गुम्मिडिपूंडीच्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीत देशाच्या विविध भागांतून आलेले तरुण काम करतात. अवजड कामाच्या अशा ठिकाणी पाठदुखी ही श्रमाचाच भाग मानली जाते. मलम, वेदनाशामक गोळी आणि एक दिवसाची रजा हा तिच्यावरील नेहमीचा उपाय असतो. या सर्वसाधारण पाठदुखीच्या आडच अँकिलॉझिंग स्पाँडिलायटिस हा कण्याचा दाहजन्य संधिवात वर्षानुवर्षे लपून राहू शकतो.

बहुतेक रुग्णांमध्ये हा आजार विशी-तिशीत, म्हणजे ऐन कमावत्या वयात सुरू होतो. लक्षणे दिसू लागल्यापासून निदान होईपर्यंत अनेकदा काही वर्षे उलटतात. या काळात दाह सुरूच राहतो. काही रुग्णांमध्ये मणक्यांच्या कडांवर नवे हाड तयार होऊन मणके एकमेकांशी जोडले जातात. असे जुळलेले मणके औषधांनी पुन्हा मोकळे होत नाहीत. म्हणूनच आजाराची तीव्रता वेळेत ओळखणे महत्त्वाचे ठरते.

वेगळेपण कसे ओळखावे

श्रमामुळे होणारी पाठदुखी सहसा कामाने वाढते व विश्रांतीने कमी होते. दाहजन्य पाठदुखीचे याउलट असते. ती बहुधा चाळिशीच्या आत, हळूहळू सुरू होते आणि तीन महिन्यांहून अधिक काळ टिकते. झोपून राहिल्याने ती कमी होत नाही, हालचालीने मात्र आराम पडतो. रुग्णाला उत्तररात्री वेदनेने जाग येते आणि सकाळी पाठ ताठरलेली असते. कधी एका, तर कधी दुसऱ्या नितंबात दुखणे, टाच दुखणे, डोळा लाल होणे, सोरायसिस किंवा कुटुंबात असा आजार असणे या बाबी संशय बळकट करतात.

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमांतर्गत संधिवाताचे सर्वेक्षण सुरू झाले. त्यात सुमारे १८ टक्के प्रौढांना स्नायू व सांध्यांच्या तक्रारी असल्याचे आढळले. मात्र त्यांत दाहजन्य संधिवाताचे प्रमाण थोडे होते. पाठ दुखणाऱ्या अनेकांमधून हे थोडे रुग्ण वेगळे ओळखणे, हीच खरी कसोटी आहे.

तीव्रतेची तीन अंगे

तीव्रता ठरवताना तीन स्वतंत्र प्रश्नांचा विचार केला जातो. पहिला प्रश्न दाह आज किती सक्रिय आहे, हा. त्यासाठी ‘बासडाय’ ही सहा प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. थकवा, कण्याची वेदना, अन्य सांध्यांची सूज, दाबल्यावर दुखणे, सकाळच्या ताठरतेची तीव्रता आणि तिचा कालावधी यांना रुग्ण स्वतः ० ते १० गुण देतो. निर्देशांक ४ किंवा त्याहून अधिक आल्यास आजार सक्रिय समजतात. ‘एसडास’ या दुसऱ्या मापनात रुग्णाच्या उत्तरांना रक्तातील सीआरपी या दाहदर्शक घटकाची जोड दिली जाते. त्यात १.३ पेक्षा कमी निर्देशांक म्हणजे आजार शांत, तर ३.५ पेक्षा अधिक म्हणजे अतितीव्र सक्रियता.

दुसरा प्रश्न आतापर्यंत झालेल्या कायमस्वरूपी हानीचा. ती क्ष-किरण चित्रांतून दिसते. सुरुवातीच्या काळात मात्र क्ष-किरण चित्र निर्दोष असू शकते. अशा वेळी कणा व कमरेचे हाड यांना जोडणाऱ्या सांध्यातील दाह एमआरआय तपासणीत दिसू शकतो.

तिसरा प्रश्न कार्यक्षमतेचा. वाकून मोजे घालणे, मान वळवून मागे पाहणे, पूर्ण पाळी उभे राहून काम करणे जमते का, हे पाहिले जाते. ही तीन उत्तरे नेहमी जुळतीलच असे नाही. जुळलेल्या मणक्यांच्या रुग्णाला आज वेदना कमी असू शकते, तर क्ष-किरण चित्र निर्दोष असलेला तरुण रात्रभर तळमळत असतो. त्यामुळे एकाच चाचणीवरून आजार ‘सौम्य’ ठरवता येत नाही. एचएलए-बी२७ ही जनुकीय चाचणीदेखील निदानास साहाय्य करते. तीव्रता सांगत नाही. ती सकारात्मक असलेल्या बहुसंख्य व्यक्तींना हा आजार कधीच होत नाही.

खुब्याच्या सांध्यांना बाधा होणे, सीआरपी सातत्याने वाढलेला असणे आणि धूम्रपान ही आजार गंभीर वळण घेण्याची चिन्हे मानली जातात.

तातडीने लक्ष देण्याजोगे

डोळा लाल होऊन दुखू लागल्यास आणि प्रकाश सहन होत नसल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. विलंबाने दृष्टीस धोका संभवतो. जुळलेला कणा ठिसूळ असतो. साध्या पडण्यानेही तो मोडून मज्जारज्जूला इजा होऊ शकते. पडल्यानंतर नवी वेदना जाणवल्यास ती जुन्याच दुखण्यात जमा करू नये.

उपचार आणि आधार

नियमित व्यायाम व दाहशामक औषधे हा उपचारांचा पाया आहे. त्यांनी दाह आटोक्यात न आल्यास टीएनएफ किंवा आयएल-१७ या घटकांना रोखणारी जैविक औषधे वापरली जातात. टीएनएफरोधक औषधांपूर्वी क्षयरोगाची तपासणी आवश्यक असते. कण्याच्या दुखण्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेण्याची शिफारस केली जात नाही.

गुम्मिडिपूंडीहून सुटणाऱ्या उपनगरी गाड्या चेन्नई सेंट्रलला पोहोचतात. त्या स्थानकासमोरच असलेल्या राजीव गांधी शासकीय रुग्णालयात संधिवाताचा स्वतंत्र विभाग आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंद असलेल्या कामगारांना वैद्यकीय उपचार व आजारपणातील रोख लाभाचा हक्क आहे. कायमची हालचाल-मर्यादा आल्यास दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. त्याच्या अनेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व आवश्यक आहे. मात्र प्रमाणपत्राची वेळ येते तेव्हा हानी होऊन गेलेली असते. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या आणि विश्रांतीने न थांबणाऱ्या पाठदुखीसाठी संधिवाततज्ज्ञांचा सल्ला त्याआधीच घेणे हिताचे आहे.